पिकअपसाठी ऑइल फिल्टर: योग्य माप कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपच्या ऑइल फिल्टरबद्दलचे निम्मे प्रश्न ‘हा बसेल का?’ इथून सुरू होतात. पण फिल्टर बसला म्हणजे तो त्या इंजिनाचा झाला, असं नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात. घाईत असाल तर आट्यांबद्दलची उत्तरं तेवढी नक्की वाचा. इंजिन हातचं जाईल अशी चूक बहुधा तिथेच होते.

फिल्टरचं माप म्हणजे नेमकं कशाचं माप?

डब्याची उंची आणि घेर डोळ्यांना दिसतात, म्हणून लोक तेच माप धरून चालतात. खरं तर ही दोन मापं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. जिथे तसूभरही तडजोड नाही अशा गोष्टी डब्याच्या तोंडाशी आहेत: मधल्या भोकाचे आटे आणि भोवतीच्या रबरी गॅस्केटचा व्यास. त्यानंतर नंबर लागतो आतल्या दोन व्हॉल्व्हचा, म्हणजे फिल्टर तुंबल्यावर ऑइलला वाट देणारा बायपास आणि ऑइल मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह बाहेरून मोजता येत नाहीत. दोन फिल्टर वरून जुळे भाऊ वाटले तरी आतून वेगळे निघू शकतात, ते यामुळेच.

हे झालं पत्र्याच्या डब्यासकट बदलायच्या, म्हणजे स्पिन-ऑन फिल्टरचं. नुसता कागदी एलिमेंट बदलायच्या कार्ट्रिज फिल्टरचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

माझ्या पिकअपला कोणता फिल्टर लागतो हे खात्रीने कुठे कळेल?

गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये, किंवा फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये. मात्र शोधताना गाडीचं नाव आणि साल एवढ्यावर थांबू नका, इंजिन कोणतं हे पाहा. पिकअपच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण एकाच बॉडीत तीन-चार इंजिनं दिली जातात. २०१५ ची फोर्ड एफ-१५० घ्या. २.७ लिटर इकोबूस्ट इंजिनाला कार्ट्रिज एलिमेंट लागतो, आणि त्याच साली त्याच गाडीत आलेल्या ३.५ लिटर इकोबूस्टला स्पिन-ऑन डबा. टोयोटा टुंड्राचंही तसंच: २००७ नंतर काही वर्षं ४.७ लिटर इंजिनाला डबा आणि ५.७ लिटरला कार्ट्रिज अशी दोन्ही इंजिनं एका वेळी विक्रीला होती. नुसतं ‘टुंड्राचा फिल्टर द्या’ म्हणणाऱ्याला काय मिळेल, हे नशिबावर.

इंजिन कोणतं याची शंका असेल तर १७ अक्षरी चेसिस नंबर पाहा. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं. इतर ठिकाणी इंजिन कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा थेट ब्लॉकवर ठोकलेला असतो.

जुन्या फिल्टरवरचा नंबर पाहून तोच घेतला तर?

गाडी पहिल्यापासून तुमच्याकडे असेल आणि सर्व्हिस भरवशाच्या हातांनी झाली असेल तर ठीक. सेकंडहँड गाडीत हा नंबर फक्त इतकंच सांगतो की आधीच्या माणसाला काय मिळालं होतं. त्यानेही ‘बसतोय ना, मग झालं’ म्हणून लावला असेल, तर ती चूक तुम्ही पुढे चालवाल. एकदा कॅटलॉगमध्ये ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. गाडीत इंजिनच बदललेलं असेल, आणि जुन्या पिकअपमध्ये ते अगदी सर्रास असतं, तर आत्ता जे इंजिन आहे त्याचा फिल्टर शोधा. आरसी बुकावरच्या मॉडेलवर जाऊ नका.

एका कंपनीच्या नंबरवरून दुसरीचा नंबर देणारे तक्ते भरवशाचे असतात का?

सुरुवात करायला चांगले. पण तक्त्यांची एक खोड आहे. अ ला ब चालतो, ब ला क चालतो, म्हणून अ ला क चालेल असं लोक धरून चालतात. प्रत्येक पायरीवर थोडी सूट घेतलेली असते: कुठे डबा दोन सेंटिमीटर आखूड, कुठे बायपासचा आकडा वेगळा. तीन उड्या मारल्यावर हाती भलताच फिल्टर येतो. शेवटी जो नंबर मिळेल तो तुमच्या इंजिनासाठी म्हणून त्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आहे का, हे उलटं तपासा. नसेल तर सोडून द्या.

आटे कोणकोणत्या मापांचे असतात?

पिकअपमध्ये वारंवार भेटणारी मापं मोजकी आहेत. इंचातली: पाऊण इंच व्यास आणि इंचाला १६ आटे, किंवा १३/१६ इंच आणि इंचाला १६ आटे. मेट्रिकमधली: १८, २० किंवा २२ मिलिमीटर व्यास आणि १.५ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. मोठ्या डिझेल इंजिनांवर याहून जाड स्टड, म्हणजे फिल्टर ज्यावर चढतो ते आट्यांचे दांडे, येतात. पिकअपमध्ये येणाऱ्या कमिन्सच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाला एक इंची, १६ आट्यांचा फिल्टर लागतो.

पाऊण इंची स्टडवर २० मिलिमीटरचा फिल्टर व्यवस्थित आवळला जातो. मग अडचण काय?

व्यवस्थित आवळला जातो, हीच अडचण.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५८७५ मिलिमीटर. मेट्रिक फिल्टरचं हे अंतर १.५. एका आट्यामागे फरक ०.०९ मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि फिल्टरच्या तळपत्रीत, म्हणजे तोंडाशी असलेल्या जाड पत्र्यात, आटे असतात मोजकेच. त्यामुळे पिच जुळत नाही हे हाताला कळतच नाही. फिल्टर फिरत फिरत वर जातो, गॅस्केट टेकतं, हात थांबतो. सगळं नेहमीसारखं.

आता आत काय झालंय ते बघा. २० मिलिमीटरच्या फिल्टरमधल्या आट्यांची टोकं साधारण १८.४ मिलिमीटर व्यासावर असतात. २० चा स्टड असता तर दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांत सुमारे ०.८१ मिलिमीटर खोल अडकले असते. १९.०५ च्या स्टडवर ते अडकतात फक्त ०.३४ मिलिमीटर. म्हणजे पकड चाळीस टक्क्यांच्या आसपास उरली. हाताने आवळायला एवढी पुरते. इंजिन थंड असताना, ऑइल घट्ट असताना, प्रेशर वर गेल्यावर मात्र पुरेल याची कसलीही खात्री नाही.

दुसरी जोडी याहून वाईट आहे. जनरल मोटर्सच्या व्ही-८ पिकअप इंजिनांवर पूर्वी १३/१६ इंची स्टड होता. २००७ च्या सुमारास तो २२ मिलिमीटर झाला. १३/१६ इंच म्हणजे २०.६४ मिलिमीटर. त्यावर २२ चा फिल्टर चढवला तर आटे एकमेकांना ०.१३ मिलिमीटरच धरतात, म्हणजे हव्या त्या पकडीचा जेमतेम सहावा हिस्सा. इथे फिल्टर फिरवताना थोडा खुळखुळतो. ती खुळखुळ जाणवली की तिथेच थांबायचं. नवीन फिल्टर हातात घेऊन तो स्टडवर दोन-तीन आटे फिरवावा आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावा. जुळणारा फिल्टर किंचित हलतो. चुकीचा चांगलाच डुलतो.

उलट्या बाजूची चूक, म्हणजे जाड स्टडवर कमी व्यासाच्या आट्यांचा फिल्टर, तितकी धोक्याची नाही. तो चढतच नाही. फक्त पान्याने जोर लावून चढवायला जाऊ नये. स्टडचे आटे गेले की काम दहा मिनिटांचं राहत नाही.

फिल्टरवर असा कितीसा जोर येतो?

अंदाज घ्या. गॅस्केटचा व्यास ७० मिलिमीटर धरला तर आतलं क्षेत्रफळ होतं सुमारे ३८५० चौरस मिलिमीटर. इंजिन गरम होऊन चालत असताना ऑइलचं प्रेशर ४ बार, म्हणजे साधारण ६० पीएसआय असलं तर फिल्टरला खाली ढकलणारा जोर येतो १५० किलोच्या वर. थंड इंजिन सुरू करताक्षणी हेच प्रेशर याहून बरंच जास्त असू शकतं. आणि हे सगळं पेलायचं कोणी? मधल्या त्या मोजक्या आट्यांनी.

फिल्टर सुटला किंवा गॅस्केट बाहेर फेकलं गेलं की पंप सगळं ऑइल काही सेकंदांत रस्त्यावर टाकतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दिसून चालक इंजिन बंद करेपर्यंत बेअरिंग कोरडी फिरलेली असतात.

गॅस्केटचा व्यास दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त असला तर?

नको. इंजिनावर गॅस्केट जिथे टेकतं तो पट्टा गुळगुळीत मशिन केलेला असतो आणि तो फार रुंद नसतो. गॅस्केट संपूर्ण त्या पट्ट्यावर बसलं पाहिजे. थोडंसुद्धा कडेच्या खाचेत किंवा उतारावर गेलं तर आज गळणार नाही, पण रबर गरम-थंड होत दबत गेल्यावर गळेल. नवीन फिल्टर घेताना जुन्या फिल्टरच्या गॅस्केटवर तोंडाला तोंड लावून बघा. गॅस्केट एकमेकांवर तंतोतंत यायला हवीत.

ही मापं घरी घेता येतात का?

व्हर्नियर कॅलिपर असेल तर सहज. स्टडचा बाहेरचा व्यास मोजा. १९ च्या आसपास आला तर पाऊण इंच, २० ला किंचित कमी आला तर मेट्रिक २०, साडेवीसच्या आसपास १३/१६, २२ ला किंचित कमी म्हणजे मेट्रिक २२. प्रत्यक्ष आटे नेहमी नावाच्या मापापेक्षा केसभर बारीकच भरतात, त्यामुळे १९.८ दिसलं म्हणून गोंधळू नका. स्टड आधी फडक्याने कोरडा पुसा. गॅस्केटचा बाहेरचा आणि आतला, दोन्ही व्यास घ्या. फुटपट्टीने हे काम होत नाही. ज्या एका मिलिमीटरवर सगळं अडलंय तो फुटपट्टीवर नीट वाचताच येत नाही.

अजून एक. जुना फिल्टर काढताना कधी कधी स्टडच त्याच्यासोबत निघून येतो. तो आधी परत इंजिनात नीट घट्ट बसवा. काही स्टडच्या दोन टोकांना वेगवेगळे आटे असतात, तेव्हा मोजायचं ते फिल्टरकडचं टोक.

आटे आणि गॅस्केट जुळत असतील तर उंच डबा लावावा का? मोठा फिल्टर चांगला म्हणतात.

यात तथ्य आहे. डबा उंच असला की आत घडी घातलेला फिल्टर-कागद जास्त मावतो. क्षेत्रफळ वाढलं की तेवढंच ऑइल कमी अडथळ्याने जातं आणि घाण साठवायला जागाही जास्त मिळते. म्हणूनच काही इंजिनांसाठी कंपन्या स्वतःच एक आखूड आणि एक लांब असे दोन फिल्टर मान्य करतात. असा मान्यताप्राप्त लांब फिल्टर असेल आणि जागा असेल तर खुशाल लावा.

मात्र डबा मोठा म्हणजे कागद जास्त, असं गृहीत धरू नका. रिकामी जागा जास्त आणि घड्या विरळ असेही डबे असतात. जुने फिल्टर कापून पाहिले की हे उघड होतं: एकाच आकाराच्या दोन डब्यांत घड्यांची संख्या बरीच वेगळी निघू शकते.

आणि यातून मिळणारा फायदा फुगवून सांगितला जातो. वेळेवर ऑइल बदललं तर आखूड फिल्टरही तुंबायच्या आत निघून जातो. मला विचाराल तर लांब डबा शोधण्यात घालवलेला वेळ एअर फिल्टरची पेटी नीट बसलीय का हे बघण्यात घालवावा. इंजिन झिजवणारी बारीक धूळ मुळात त्या वाटेने आत येते.

लांब फिल्टरमुळे ऑइल जास्त घालावं लागेल?

थोडंसंच. ७६ मिलिमीटर व्यासाचा डबा ३० मिलिमीटरने उंच घेतला तर बाहेरून मोजलेलं आकारमान १३५ मिलिलिटरच्या आसपास वाढतं. कागद आणि मधली नळी वजा केली तर शंभर मिलिलिटर. आकडेमोड करत बसू नका. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी घाला, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहून खुणेपर्यंत भरा.

आणि आखूड डबा?

नाइलाज असेल तरच, आणि तो त्याच इंजिनासाठी मान्य असेल तरच. अशा वेळी ऑइल बदलण्याचा पल्ला ताणू नका.

डब्याला खाली किती जागा मोकळी असावी?

पिकअपमध्ये हा प्रश्न कारपेक्षा जास्त खरा आहे. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा डिफरन्शियल, त्याचे शाफ्ट आणि स्टिअरिंगचे दांडे फिल्टरच्या शेजारूनच जातात, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे रेस केल्यावर हलतं. गाडी उभी असताना बोटभर मोकळी दिसणारी जागा ट्रॉली ओढताना तितकीच राहत नाही. सायलेन्सरच्या पाइपापासूनही अंतर हवं. सतत भाजणारं गॅस्केट लवकर कडक होतं.

खाली संरक्षक पत्रा असेल तर फिल्टर त्याच्या वरच राहायला हवा. पत्रा नसेल आणि गाडी दगड-मातीत जात असेल तर क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या दांड्याच्या, खाली डोकावणारा लांब डबा हे आमंत्रणच समजा. पत्र्याचा डबा पातळ असतो, एका टोकदार दगडाने फुटतो. अशा गाडीला मूळ मापाचा आखूड डबाच बरा. आणि लांब डबा काढायला खालून पाना फिरतो का, हेही लावण्याआधी बघून घ्या. लावताना जागा पुरते, तीन महिन्यांनी तेलकट आणि घट्ट झालेला डबा काढताना पुरत नाही.

बायपास व्हॉल्व्हचा आकडा किती महत्त्वाचा?

फिल्टर तुंबला, किंवा थंडीत ऑइल इतकं घट्ट झालं की कागदातून पुरेसं जाईना, तर बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनाकडे सोडतो. अस्वच्छ ऑइल कोरड्या बेअरिंगपेक्षा परवडतं, असा साधा हिशेब. व्हॉल्व्ह किती फरकाला उघडावा ते इंजिनावर ठरतं. साधारण ८ ते ३० पीएसआयच्या पट्ट्यात हे आकडे असतात.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच किंवा फिल्टर बसतो त्या अडॅप्टरमध्ये दिलेला असतो, काहींत तो फिल्टरमध्ये असावा अशी अपेक्षा असते. ब्लॉकमध्ये नाही आणि तुम्ही बायपास नसलेला फिल्टर लावला, तर तुंबल्यावर ऑइलला वाटच राहत नाही. कागद चेपतो, फाटतो आणि त्याचे तुकडे पुढे जातात. उलट, जास्त प्रेशरच्या इंजिनाला फार हलका बायपास लावला तर तो वरचेवर उघडतो आणि फिल्टर असून नसल्यासारखा. गळती नाही, आवाज नाही, दिवा नाही. कळायला काही मार्गच नाही. म्हणून आटे आणि गॅस्केट जुळवून ‘चालतोय’ म्हणणाऱ्यांचं मी तरी ऐकणार नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सगळ्यांनाच लागतो का?

डबा कसा लटकतो त्यावर आहे. तोंड वर आणि बूड खाली असेल तर इंजिन बंद झाल्यावरही ऑइल डब्यातच राहतं. डबा आडवा किंवा उलटा असेल तर ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागतो. त्या दोन-तीन सेकंदांत इंजिनातून खडखड ऐकू येते.

हा व्हॉल्व्ह म्हणजे तळपत्रीच्या भोकांमागे दिसणारी रबराची चकती. साध्या फिल्टरमध्ये ती काळी नायट्राइलची असते, बऱ्याच महाग फिल्टरमध्ये सिलिकॉनची, बहुधा नारिंगी-लाल. सिलिकॉन थंडीत मऊ राहतं आणि उष्णतेत लवकर कडक होत नाही. डबा आडवा बसत असेल तर या एका गोष्टीसाठी चार पैसे जास्त मोजावेत.

कार्ट्रिज फिल्टरमध्ये काय जुळवायचं?

इथे आटे हा प्रश्न नाही, कारण टोपण गाडीचंच राहतं. जुळवायची ती एलिमेंटची उंची, मधल्या भोकाचा व्यास आणि दोन्ही टोकांची रचना. एलिमेंट दोन-तीन मिलिमीटर आखूड असला तरी टोपण व्यवस्थित बंद होतं. आत मात्र एलिमेंट वर-खाली सरकत राहतो आणि ऑइल कागदाला वळसा घालून कडेने निघून जातं. नवा-जुना एलिमेंट शेजारी उभा करून उंची बघा, आणि मधल्या नळीवर सरकवताना तो हलका अडून बसतो का ते बघा. सैल पडला तर परत करा.

ओ-रिंग, म्हणजे टोपणावरची रबरी कडी, दरवेळी नवीन. ती बसवायची खाच नेमकी कोणती हे जुनी काढण्याआधी पाहून ठेवा. टोपणावर दोन-तीन खाचा असतात आणि चुकीच्या खाचेतली रिंग पहिल्या दिवशी गळत नाही. काही बनावटींत मधली नळी जुन्या एलिमेंटमध्ये अडकून बाहेर येते आणि थेट कचऱ्यात जाते. नंतर तिच्याविनाच सगळं परत जोडलं जातं, आणि एलिमेंट प्रेशरने चेपतो. टोपण आवळायचा टॉर्क बहुधा टोपणावरच लिहिलेला असतो. २५ न्यूटन-मीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसेल. प्लॅस्टिकचं टोपण असेल तर त्यापुढे ताकद लावू नका.

खोक्यावरचे मायक्रॉनचे आकडे कसे वाचायचे?

नुसता ‘२० मायक्रॉन’ हा आकडा अर्धवट आहे. २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडवतो, हे सोबत हवं. ९९ टक्के अडवणारा आणि ५० टक्के अडवणारा, दोघंही खोक्यावर २० च लिहू शकतात. चाचणी आयएसओ ४५४८-१२ या मानकाने केल्याचं लिहिलं असेल तर दोन फिल्टरची तुलना करण्यात अर्थ आहे. मायक्रॉन कमी तेवढं उत्तम, असंही सरळ नाही. कागद फार बारीक आणि क्षेत्रफळ तेवढंच असेल तर तो लवकर तुंबतो.

डिझेल पिकअपला मोठाच फिल्टर का लागतो?

ऑइल जास्त असतं आणि त्यात काजळी येते. पिकअपमधल्या ६.७ लिटर कमिन्समध्ये फिल्टरसकट ११ लिटरच्या वर ऑइल मावतं. काजळीचा एकटा कण मायक्रॉनच्याही खालचा, तो कुठलाच साधा फिल्टर अडवत नाही. ऑइलमधली रसायनं त्याला सुटा तरंगत ठेवतात. ऑइल थकलं की कण एकत्र येऊन गोळे होतात, आणि ते कागदात अडकतात. नवीन ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून फिल्टरला दोष देऊ नका. त्याच इंजिनाच्या पेट्रोल भावंडाचा फिल्टर आट्यांना जुळला तरी डिझेलला लावू नका, कागद कमी पडतो.

आटे जुळत नसतील तर मध्ये अडॅप्टर लावून चालेल?

इंजिन बदललंय आणि मूळ फिल्टरला जागाच नाही, अशा कामात अडॅप्टर किंवा फिल्टर दुसरीकडे हलवायचं किट वापरतात, आणि चांगलं बसवलं तर चालतंही. हाताशी असलेला चुकीचा फिल्टर खपवायला म्हणून नको. प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक नवी जागा.

किती आवळायचा?

जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन गॅस्केट एकावर एक आली की गळती ठरलेली. नवीन गॅस्केटला ताज्या ऑइलचं बोट लावा. हाताने फिरवत गॅस्केट टेकेपर्यंत न्या, तिथून पुढे साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते खरं. आवळायला पाना लागत नाही. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढताना डबा पिळवटतो आणि तळपत्री इंजिनावरच राहते.

चुकीचा फिल्टर लागला असेल तर कसं ओळखायचं?

आवळताना नेहमीपेक्षा जास्त फेरे लागले किंवा डबा डुलला, तर इंजिन सुरूच करू नका. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा, रेस करून पाहू नका. खाली वाकून गॅस्केटची कड बघा, टॉर्च लावून. ओल दिसली की फडक्याने पुसा आणि परत मिनिटभर चालवा: जुन्या फिल्टरमधून सांडलेलं ऑइल परत दिसत नाही, गळणारं दिसतं. पिकअपमध्ये सांडलेलं ऑइल क्रॉस मेंबर किंवा संरक्षक पत्र्यावर साचून दोन दिवस ठिबकत राहतं, त्यामुळे जमिनीवरच्या डागावरून निष्कर्ष काढू नका, वरची कडच तपासा. रोज सकाळी सुरू करताना नव्याने खडखड येऊ लागली असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर संशय घ्या.

ऑइल काढून झालंय, आणि हातातला नवा फिल्टर चुकीचा निघाला. आता?

जुना फिल्टर अजून धड असेल, गॅस्केट फाटलेलं नसेल, तर तोच परत लावा, नवीन ऑइल भरा आणि योग्य फिल्टर आणायला जा. मिळाला की तेवढा बदलायचा आणि सांडेल तेवढं ऑइल वरून घालायचं. जुना फिल्टर काढताना पिळवटला असेल तर गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या आणि फिल्टर कोणाकडून तरी मागवून घ्या.